पितळेच्या पुंगळ्या आणि फिरतें पिंप

पितळेचें भांडें लख्ख कसें करावें हें महाराष्ट्रांतील घरांना निराळें सांगावें लागत नाहीं. चिंचेचा कोळ, राख आणि घासणाऱ्या हाताचा जोर या तिहींच्या बळावर देवघरांतील समई पिढ्यान् पिढ्या उजळत आलेली आहे. परंतु घासावयाची वस्तु बोटाएवढी असली, तिच्या तोंडांत करंगळीहि शिरत नसली, आणि अशा वस्तु एक-दोन नसून चारपांचशें असल्या, तर हाताचा जोर काय कामाचा? अमेरिकेंतील हौशी नेमबाजांपुढें ही अडचण नित्य उभी असते. तींतून मार्ग काढण्यासाठीं त्यांच्यापैकीं अनेकांनीं टाकाऊ सामानांतून घरच्या घरीं एक साधें यंत्र उभें केलेलें आहे. तें यंत्र म्हणजे फिरतें पिंप.

बंदुकीच्या काडतुसाचे चार भाग असतात : ठिणगी पाडणारी टोपी, दारू, गोळी, आणि या तिहींना एकत्र धरणारी पितळेची पुंगळी. बार उडाला कीं पहिल्या तिघांचें काम संपतें; पुंगळी मात्र मागें राहते. तिच्या पितळेंत शेंकडा सत्तर भाग तांबें आणि तीस भाग जस्त असतें. हें मिश्रण मोठें गुणी आहे. स्फोटाच्या दाबानें पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते व वायूला मागें येऊं देत नाहीं; दाब उतरतांच ती किंचित् आकुंचन पावून सुटी होते. काडतुसाच्या किंमतींत बहुधा पुंगळीचाच वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणून ती वेंचून, स्वच्छ करून, सांच्यांतून मूळ आकारावर आणून पुन्हां भरण्याची प्रथा अमेरिकेंत रूढ आहे. भारतांत १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें हा गुन्हा आहे. तेव्हां हा उद्योग येथील घरांतला नव्हे. परंतु या धातूच्या इतिहासांतील एक महत्त्वाचें प्रकरण भारतांतच घडलेलें आहे, तें पुढें येईलच.

प्रथम प्रश्न असा कीं, पुंगळी स्वच्छ करावयाचीच कशाला? ती चकचकीत दिसावी म्हणून, असें सकृद्दर्शनीं वाटतें. खरें कारण निराळें आहे. पुंगळीवर चिकटलेला रेतीचा एक कण पोलादी सांच्यावर ओरखडा उठवतो, आणि तो ओरखडा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो. याहून मोठें कारण म्हणजे काजळीखालीं दोष दडतात. वारंवार वापरलेल्या पुंगळीच्या गळ्याला बारीक चीर पडते, किंवा बुडाच्या जरा वर एक फिकट कडें दिसूं लागतें. तेथें धातु आंतून पातळ झालेला असतो. अशी पुंगळी पुन्हां भरली तर बाराच्या वेळीं ती फाटून तप्त वायु नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळण्याचा धोका असतो. स्वच्छतेचा हेतु शोभा नव्हे, परीक्षा हा आहे.

फिरत्या पिंपाचें तत्त्व सोपें आहे. आडवें ठेवलेलें पिंप फिरूं लागलें म्हणजे आंतील माल एका बाजूनें वर चढतो आणि पुन्हां खालीं ओघळतो. या ओघळण्यांत वस्तु एकमेकींवर घासल्या जातात. पिंप फारच हळू फिरलें तर सगळा माल तळाशीं गोळा होऊन नुसता सरकतो. फार वेगानें फिरलें तर बरोबर उलटें होतें. पाण्यानें भरलेली बादली मुलें गरगर फिरवतात तेव्हां ती डोक्यावर उलटी असतांनाहि पाणी सांडत नाहीं. त्याच न्यायानें माल पिंपाच्या भिंतीला चिकटून बसतो आणि घासणें थांबतें. या चिकटण्याच्या वेगाला मर्यादा-गति म्हणावें. पिंप जितकें लहान तितकी ती गति अधिक. आंतून ६ इंच रुंद असलेल्या पिंपासाठीं ती मिनिटाला सुमारें १०८ फेरे इतकी येते. चांगलें काम तिच्या साधारण शेंकडा साठ गतीला होतें, म्हणजे मिनिटाला पासष्ट फेऱ्यांच्या आसपास.

आतां ही गति स्वस्तांत कशी साधावी? पिंपासाठीं सांडपाण्याच्या प्लॅस्टिकच्या नळाचा फूटभर तुकडा पुरतो. त्याचें एक तोंड टोपण डकवून कायमचें बंद करतात. दुसऱ्या तोंडावर रबराचें टोपण बसवून तें धातूच्या पट्टीनें आवळतात. लांकडी चौकटींत दोन पोलादी दांडे समांतर बसवून त्यांच्या टोंकांना बेअरिंगें लावतात, आणि दांड्यांवर रबरी नळी चढवतात, म्हणजे नळ घसरत नाहीं. नळ या दोन रुळांवर नुसता ठेवलेला असतो. तो फिरतां फिरतां एका बाजूला सरकतो, म्हणून दोन्ही टोंकांस एकेक ठोकळा मारावा लागतो. मोटर जुन्या कपडे धुण्याच्या यंत्रांतली चालते. पाव अश्वशक्ति पुरून उरते.

खरी मेख वेग उतरविण्यांत आहे. अमेरिकेंतील अशी मोटर मिनिटाला सुमारें १७२५ फेरे घेते. तिच्यावर दीड इंचाची कप्पी आणि एका रुळावर साडेसात इंचांची कप्पी बसवून दोहोंवर पट्टा चढविला कीं वेग पांचपट उतरतो व रूळ ३४५ फेरे घेतो. रबरासकट रुळाची जाडी सव्वा इंच आणि नळाची बाहेरची रुंदी सुमारें साडेसहा इंच असली, तर वेग आणखी पांचपटींहून थोडा अधिक उतरतो, आणि नळ मिनिटाला पासष्ट-सहासष्ट फेरे घेऊं लागतो. महागड्या दंतचक्रांचें काम दोन कप्प्या आणि एक पट्टा यांवर भागतें. मात्र जवळ पाणी असल्यामुळें मोटरीला भूमि-जोडणी हवीच, आणि पट्ट्यावर झांकण हवें.

पिंपांत पुंगळ्यांबरोबर काय घालावें, यांत दोन पंथ आहेत. कोरड्या पंथाचे लोक अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा भरडा वापरतात. ओल्या पंथाचे लोक पाव इंच लांबीच्या, सुईसारख्या बारीक स्टेनलेस स्टीलच्या काड्या, पाणी, भांडीं घासण्याचा थोडा द्रव साबण आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालतात. हें आम्ल म्हणजे लिंबांतलेंच. चिंचेचा कोळ समईवर जें काम करतो तेंच तें येथें करतें. पण तें बेतानेंच घालावें. अधिक झालें तर पृष्ठभागावरचें जस्त निघून जाऊन पितळेवर तांबूस छटा येते. दोन-तीन तासांत काड्या पुंगळीच्या पोटांत आणि टोपीच्या खळग्यांतहि पोंचतात. त्यासाठीं जुनी टोपी आधीं काढून टाकावी लागते. भरलेलें काडतूस मात्र पिंपांत कधींहि घालूं नये.

पितळ उजळविणाऱ्या बाजारी द्रवांपैकीं कांहींत अमोनिया असतो. तो मळ झपाट्यानें काढतो, परंतु पुंगळीला तो शत्रु आहे. हें ज्ञान भारतांतील पावसाळ्यानें दिलें. ब्रिटिश अमदानींत पावसाळ्यांत लष्करी हालचाली मंदावत, तेव्हां दारूगोळा तबेल्यांतून सांठवून ठेवीत. उघाड झाल्यावर पाहावें तों अनेक पुंगळ्यांना, विशेषतः गोळीभोंवतीं आवळलेल्या भागाला, चिरा गेलेल्या असत. ‘सीझन क्रॅकिंग’ या नांवानें हा दोष ओळखला जाऊं लागला. १९२१ मध्यें मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनीं त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रांतून निघणारा अमोनिया आणि पुंगळी थंड स्थितींत ओढून घडवितांना धातूंत राहिलेला ताण, या दोहोंच्या संयोगानें पितळ तडकत होतें. उपायहि त्यांतूनच निघाला : बेताच्या आंचेवर तापवून ताण उतरवावा, आणि अमोनियाला दूर ठेवावें.

शेवटची सावधगिरी घरांतल्या माणसांसाठीं आहे. बहुतेक टोप्यांच्या मसाल्यांत शिशाचा क्षार असतो आणि बारानंतर त्याचा अंश काजळींत उरतो. कोरड्या पिंपाचें झांकण उघडतांना तीच धूळ हवेंत उडते. शिसें लहान मुलांच्या मेंदूला विशेष घातक आहे. म्हणून तें पिंप घराबाहेर, वाऱ्यावर उघडावें. ओल्या रीतीनें धूळ उडत नाहीं. परंतु तें काळें पाणी स्वयंपाकघराच्या मोरींत ओतूं नये, पुंगळ्या अन्नाच्या भट्टींत वाळवूं नयेत, आणि काम आटोपल्यावर हात साबणानें धुवावेत.

चांगल्या पाण्यानें खळबळून उन्हांत वाळविलेल्या पुंगळ्या मग एकेक करून उजेडांत पाहतात. ज्यांच्या गळ्याला चीर किंवा बुडाशीं फिकट कडें आढळेल त्या मोडींत जातात. यंत्रानें एवढेंच केलें कीं दोष दिसूं लागला. तो ओळखून पुंगळी बाजूला टाकण्याचें काम अजून माणसाच्या डोळ्याकडेच आहे.