ताशी चारशेचा वेग हवाय? आधी वाऱ्याशी हिशेब करा!

परवा एका स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. नुकतीच नवी मोटार घेतलेली, त्यामुळे पानावर बसल्यापासून गप्पा मोटारीच्याच. त्यांचा सातवीतला मुलगा मध्येच म्हणाला, "बाबा, आपल्या गाडीच्या काट्याला २२० पर्यंत आकडे आहेत. मग आपली गाडी २२० ने जाते?"

"जाईल की! पण तेवढा मोकळा रस्ता नको का?" बाबांनी वेळ मारून नेली.

"आणि ती बुगाटी ४०० ने जाते. म्हणजे तिचं इंजिन आपल्या इंजिनाच्या दुप्पट असणार ना?"

"असेल दुप्पट, नाहीतर थोडं जास्त."

बाबांची दोन्ही उत्तरे चुकली होती. पण त्यांना तरी दोष कसा द्यायचा? वेग दुप्पट तर शक्ती दुप्पट, असेच आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. खरा हिशेब वेगळाच आहे आणि तो करायला शाळेतले गणित पुरते.

गाडीला अडवते कोण?

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने धावणाऱ्या मोटारीला मुख्यतः दोघे जण अडवतात. एक म्हणजे टायर. रस्त्यावर फिरताना तो सतत दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात शक्ती खर्च होते. दुसरा विरोधक म्हणजे हवा. समोरून वारा सुटला असताना सायकल मारली असेल, तर हा विरोध काय असतो हे तुमच्या पायांना ठाऊक आहे!

या दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. वेग वाढला तरी टायरचा विरोध फारसा वाढत नाही. हवेचे तसे नाही. वेग दुप्पट केला, की गाडीला दर सेकंदाला दुप्पट हवा बाजूला सारावी लागते आणि तीही दुप्पट वेगाने. म्हणजे विरोध झाला चौपट. शिवाय हा चौपट विरोध सोसत दर सेकंदाला दुप्पट अंतर कापायचे. चार दुणे आठ! म्हणून वेग दुप्पट करायचा, तर हवेशी झुंजायला आठपट शक्ती लागते. वेग तिप्पट केला तर सत्तावीसपट. गणिताच्या भाषेत, ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

आकडे काय सांगतात?

पंचाहत्तर किलोचा माणूस एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जी शक्ती लागते, ती एक अश्वशक्ती. आता माणसांसह हजार-बाराशे किलो भरणारी साधी घरगुती मोटार घ्या. तिचा आकार आणि समोरची रुंदी-उंची धरून हिशेब केला, तर ताशी ५० कि.मी. वेगाला हवेसाठी दीड आणि टायरसाठी सव्वादोन, म्हणजे चाकांवर जेमतेम चार अश्वशक्ती लागतात. एका साध्या स्कूटरची ताकदही याहून जास्त असते!

ताशी १०० ला हवेचा वाटा १२ वर जातो आणि टायरचा साडेचारवर. २०० ला हवा एकटीच ९८ मागते, टायर फक्त ९. आणि ४०० ला? हवेचे ७८४ आणि टायरचे १८, एकूण सुमारे ८०० अश्वशक्ती. गिअर आणि दांडे फिरवण्यात इंजिनाच्या शक्तीतले दहा-पंधरा टक्के वाया जातात. म्हणजे इंजिन हवे ९०० अश्वशक्तीच्या वरचे.

बुगाटीचा पडताळा

हा कागदावरचा हिशेब खरा कशावरून? बुगाटी व्हेरॉनकडे पाहा. २००५ मध्ये या गाडीने ताशी ४०८ कि.मी. वेग गाठला. तिचे इंजिन होते १००१ अश्वशक्तीचे! सोळा सिलिंडर, चार टर्बोचार्जर आणि इंजिनापासून तेलापर्यंत सगळे थंड ठेवायला तब्बल दहा रेडिएटर. आपल्या अंदाजाच्या किती जवळ आहे पाहा.

आता गंमत पुढेच आहे. २०१० मध्ये याच गाडीच्या सुधारित आवृत्तीने जर्मनीतील एरा-लेसिन येथील फोक्सवॅगनच्या बंदिस्त चाचणीमार्गावर ४३१ चा वेग गाठला. वेग वाढला साडेपाच टक्क्यांच्या आसपास. घनाच्या नियमाने शक्ती अठरा टक्के वाढायला हवी, म्हणजे ११८० अश्वशक्ती. प्रत्यक्षात इंजिन होते १२०० चे. केवळ २३ कि.मी. वेगासाठी दोनशे अश्वशक्तीची भर! आपल्याकडच्या जुन्या मारुती ८०० ची पाच इंजिने त्यात बसली असती.

२०१९ मध्ये त्याच मार्गावर बुगाटी शिरॉनच्या खास गाडीने एका दिशेने धावताना ताशी ४९० ची मजल मारली. घनाच्या नियमाने तिला १७५० हून अधिक अश्वशक्ती लागायला हव्या होत्या. इंजिन मात्र १६०० चेच होते. मग नियम चुकला का? नाही. अभियंत्यांनी गाडीची शेपूट लांबवली आणि हवा अधिक सहज निसटेल असा आकार दिला. जिथे शक्ती वाढवणे महाग पडते, तिथे हवेचा विरोध कमी करणे हाच शहाणपणाचा मार्ग.

या वेगाची किंमतही ऐका. पूर्ण वेगात व्हेरॉनची १०० लिटरची टाकी सुमारे बारा मिनिटांत रिकामी होते!

मग २२० चा काटा?

आमच्या स्नेह्यांची गाडी ८५ अश्वशक्तीची. त्यातली पंचाहत्तरच्या आसपास चाकांपर्यंत पोहोचतात. तेवढ्यात सपाट रस्त्यावर ती ताशी १७५ च्या आसपास जाऊन थांबेल, रस्ता कितीही मोकळा असो. २२० साठी सुमारे १६० अश्वशक्तीचे इंजिन लागेल. काट्यावरचे आकडे हे गाडीचे वचन नव्हे. एकच तबकडी अनेक गाड्यांना बसवता येते आणि दिसायलाही ती ऐटबाज दिसते, इतकेच.

शंभर आणि एकशेवीस

"पण मी कुठे २२० ने नेतोय? फार तर एकशेवीस!" स्नेही हसत म्हणाले.

इथेच खरी मेख आहे. साठ कि.मी. च्या सरळ टप्प्यावर १०० ऐवजी १२० ने गेलात, तर वाचतात सहा मिनिटे. त्यासाठी दर किलोमीटरला चाकांवर तीस टक्क्यांहून जास्त ऊर्जा खर्चावी लागते. ती अर्थातच पेट्रोलच्या टाकीतून येते. पण पेट्रोलचे पैसे एक वेळ सोसतील. ब्रेकचे काय?

गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मी मुलाला कागद-पेन्सिल आणायला सांगितले. "समज, सारख्याच दोन गाड्या आहेत. एक १०० ने, दुसरी १२० ने. दोघींनी एकाच जागी करकचून ब्रेक दाबले. पहिली जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरीचा वेग किती असेल?"

"वीस!" तो लगेच म्हणाला.

"वर्ग करून वजा कर."

त्याने मांडले. १२० चा वर्ग १४,४००. १०० चा १०,०००. वजाबाकी ४,४००. वर्गमूळ काढायला थोडा वेळ लागला. मग तो कागदाकडे बघतच राहिला. "काका, सहासष्ट?"

होय, ताशी ६६ कि.मी.! पहिली गाडी समोरच्या ट्रकच्या मागे सुखरूप उभी असताना दुसरी ६६ च्या वेगाने त्याच ट्रकवर आदळत असेल. सहा मिनिटे वाचवायची ही किंमत.

जेवणघरात क्षणभर कोणी बोलले नाही. मग वहिनी भात वाढता वाढता म्हणाल्या, "ऐकलंत ना हो?"

बाबांनी मान डोलावली. चिरंजीवांनी मात्र कागदाची नीट घडी केली. "रविवारी गावाला जायचंय ना? हा कागद मी गाडीत काट्याशेजारी चिकटवणार आहे!"