बर्फ काढणाऱ्या ट्रॅक्टरला दिवे लावताना



नेदरलँड्समध्ये बर्फ येतो तो पाहुण्यासारखा, दोन-चार दिवस राहतो आणि जातो. पण ७ फेब्रुवारी २०२१ च्या रविवारी हवामान खात्याने देशभर लाल इशारा दिला होता, तो दिवस इथल्या बहुतेकांना आठवत असेल. अशा वेळी पालिकेची यंत्रे आधी मोठे रस्ते आणि सायकलमार्ग मोकळे करतात. आतल्या गल्ल्या ज्याच्या त्याने बघायच्या. आर्नहेममध्ये आमच्या उताराच्या गल्लीत शेजारच्या आजोबांचा छोटा ट्रॅक्टर आहे, त्याला पुढे पाते लावून आम्ही सगळे मिळून बर्फ काढतो.

त्या संध्याकाळी अंधारात ट्रॅक्टर मागे घेताना स्लेज घेऊन उभा असलेला आमचा मुलगा अगदी शेवटच्या क्षणी दिसला. काही झाले नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. कारण साधे होते: वर उचललेल्या पात्याने पुढच्या दिव्यांचा उजेड अडत होता आणि मागे लाल दिव्याखेरीज काहीच नव्हते. मग आम्ही कामाचे दिवे लावायचे ठरवले. त्यात जे शिकलो ते इथे देत आहोत.

कोणते दिवे?

छोट्या ट्रॅक्टरचा आल्टरनेटरही छोटा असतो. ५५ वॉटचे चार हॅलोजन म्हणजे २२० वॉट, १२ व्होल्टवर सुमारे १८ अँपिअर. २० वॉटचे चार एलईडी जेमतेम ७ अँपिअर घेतात आणि उजेड साधारण तेवढाच देतात. एलईडीत एक खोट मात्र आहे. हॅलोजनची काच तापते आणि बर्फ वितळतो, एलईडीची काच थंड राहते आणि त्यावर बर्फ साचतो. त्यामुळे अधूनमधून उतरून काच पुसावी लागते.

लांब झोताचा दिवा इथे उपयोगाचा नाही, पसरट उजेडाचा घ्यावा. पांढरा बर्फ स्वतःच उजेड परतवतो, म्हणून फार प्रखर दिवाही नको. निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर उजेड आम्हाला डोळ्यांना बरा वाटला. पाण्यापासून संरक्षणासाठी आयपी ६७ दर्जा बघून घ्यावा.

कुठे लावायचे?

बहुतेक जण इथेच चुकतात. दिवा डोळ्यांजवळ असला की पडणाऱ्या बर्फाचा प्रत्येक कण उजळून डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. म्हणून पुढचे दोन दिवे नजरेच्या रेषेपासून दूर, बाजूला आणि शक्य तितके खाली लावावेत, पण पात्याआड जाऊ देऊ नयेत. तिरप्या उजेडाने सावल्या पडतात आणि बर्फाखालच्या फरशीची कडा कळते. उरलेले दोन दिवे मागे, जमिनीकडे झुकवून लावावेत. आमच्या मते आधी मागचेच लावावेत.

चालकामागच्या संरक्षक कमानीला भोक पाडू नये किंवा वेल्डिंग करू नये. ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवायची ती कमान कमकुवत होते. रबर लावलेले क्लॅम्प वापरावेत.

वायरिंग

बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवा. आमच्या चार एलईडींना १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरली. दिव्यांचा प्रवाह रिलेमधून न्यावा, म्हणजे बटणावर भार येत नाही. पुढच्या आणि मागच्या दिव्यांना वेगळी बटणे ठेवावीत. वायर गरम सायलेन्सरपासून आणि हलणाऱ्या भागांपासून दूर बांधावी.

सार्वजनिक रस्त्यावरून नुसते ये-जा करताना हे दिवे बंद ठेवावेत. समोरच्याचे डोळे दिपतात. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे रात्री समोरून ट्रॅक्टर आला की काय होते, हे अनेकांनी अनुभवले असेल!

दिव्यांनी निम्मे काम होते, उरलेले निम्मे आपल्याला करावे लागते. ट्रॅक्टर चालू असताना मुले घरात, आणि मागे घेण्याआधी एकदा मान वळवून बघायचे, हा नियम आमच्या गल्लीत आता सगळे पाळतात. तुमच्याकडे कुणी असे दिवे लावले असतील तर पुढच्या भेटीत जरूर सांगा.