ओळ नेमकी कुठे संपते?



ही गोष्ट २०१८ च्या आधीची. अंकासाठी आठवीतल्या एका मुलाने घरच्या संगणकावर कविता टाइप करून आणली. शाळेच्या संगणकावर मी ती नोटपॅडमध्ये उघडली, तर सोळा ओळींची मिळून एकच लांबलचक ओळ! "कविता अशी लिहितात का रे?" असे मी त्याला सर्वांदेखत बोललो. तो एवढेच म्हणाला, "सर, मी ओळी पाडल्या होत्या." त्याचे खरे होते. चुकलो मीच होतो.

तुमच्या आजोबांना टाइपरायटर आठवत असेल. ओळ संपली की डावीकडचा दांडा ढकलायचा. त्या एका हालचालीत दोन कामे होत. कागद एक ओळ वर सरके आणि कॅरेज ओळीच्या आरंभी परत येई. टेलिप्रिंटरला मात्र या दोन कामांसाठी दोन वेगळ्या आज्ञा लागत. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या 'आस्की' संकेतमालेत त्यांना क्रमांक मिळाले. 'कॅरेज रिटर्न' म्हणजे आरंभी जा, क्रमांक १३. 'लाइन फीड' म्हणजे खालच्या ओळीवर जा, क्रमांक १०.

पडद्यावर कागद नाही आणि दांडाही नाही, पण या खुणा राहिल्या. युनिक्सने फक्त १० पुरेसा मानला, लिनक्सनेही तोच घेतला. डॉस आणि विंडोज यांनी १३ व १० ही जोडी ठेवली. जुन्या मॅकिंटॉशवर केवळ १३ असे. २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेनने १० स्वीकारला.

त्या मुलाच्या घरी लिनक्स होते. त्याच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी १० होता, पण जुन्या नोटपॅडला जोडीच हवी असे. विंडोजच्या नोटपॅडला २०१८ पासून तिन्ही पद्धती कळतात.

मग प्रश्न मिटला का? नाही. समजा, वर्गणीदारांची एक यादी विंडोजवर आणि दुसरी लिनक्सवर तयार झाली. दोन्हींत 'जोशी' हे नाव सारखेच दिसते. पण एकीत नावामागे न दिसणारा १३ चिकटलेला असतो. याद्या ताडून पाहणारा साधा प्रोग्राम ही दोन वेगळी नावे मानतो, आणि एकच माणूस दोनदा नोंदला जातो.

उपाय सोपा आहे. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा. 'नोटपॅड प्लस प्लस' या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडा. खालच्या पट्टीवर 'विंडोज (सीआर एलएफ)' किंवा 'युनिक्स (एलएफ)' असे दिसेल. 'एडिट' मेनूतील 'ईओएल कन्व्हर्जन' मधून हवी ती पद्धत निवडा आणि फाइल सेव्ह करा. लिनक्सवर हेच काम 'डॉस टू युनिक्स' नावाची आज्ञा करते. मात्र हा उपाय फक्त साध्या मजकुराच्या फाइलसाठी आहे. छायाचित्रातही १३ आणि १० हे आकडे येतात, पण तिथे ते चित्राचा भाग असतात. ते बदलले तर चित्र बिघडते.

अनेकांनी मिळून एखादी यादी करायची असेल, तर कोणती पद्धत वापरायची हे पालकांनी व विश्वस्तांनी आधीच ठरवून घ्यावे.

ती कविता अंकात छापली गेली, पूर्ण सोळा ओळींत. त्याआधी मी वर्गात त्या मुलाची माफी मागितली, जिथे बोललो होतो तिथेच.