रॉबिन्सन क्रूसो बेटावरील गुंजनपक्षी

अलेक्झांडर सेलकर्क नावाचा खलाशी इ. स. १७०४ पासून १७०९ पर्यंत प्रशांत महासागरातील एका निर्जन बेटावर एकटाच राहिला. रॉबिन्सन क्रूसोची प्रसिद्ध कथा त्याच्याच हकिकतीवरून सुचली असावी, असे मानतात. हे बेट चिली देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६७० किलोमीटर दूर आहे. १९६६ साली त्यास ‘रॉबिन्सन क्रूसो’ हेच नाव देण्यात आले. या बेटावर एक चिमुकला पक्षी राहतो. तो जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही.

हा एक गुंजनपक्षी, म्हणजेच हमिंगबर्ड होय. उडताना त्याचे पंख इतक्या वेगाने हालतात की, त्यांतून गुणगुणल्यासारखा आवाज निघतो. फुलासमोर हवेत स्थिर राहून तो मध पितो. आपल्याकडील शिंजीरही मध पितो. परंतु त्याचे कुळ निराळे आहे. नराचा रंग तांबूस नारिंगी असून त्याच्या माथ्यावरील पिसे उन्हात निखाऱ्यासारखी चमकतात. मादी मात्र वरून निळसर हिरवी व खालून पांढरी असते. पूर्वीच्या शास्त्रज्ञांस ही दोन वेगळ्या जातींची पाखरे वाटली, यात नवल नाही!

खलाशांनी बेटावर सोडलेल्या शेळ्यांच्या मांसावर सेलकर्क जगला. मांजरांनी उंदरांपासून त्याचे रक्षण केले. तेच प्राणी या पक्ष्याच्या मुळावर आले. शेळ्यांनी, व पुढे आणलेल्या सशांनी, कोवळी रोपे खाल्ली. मांजरे पाखरांची शिकार करू लागली. बाहेरून आणलेल्या ब्लॅकबेरीची काटेरी जाळी रानभर माजली. तिच्या दाट सावलीत मूळच्या वृक्षांची रोपे वाढेनाशी झाली. ज्या झाडांवर घरटे बांधावयाचे व ज्यांचा मध प्यावयाचा, तीच विरळ होत गेली. जवळच्या दुसऱ्या एका बेटावर हा पक्षी पूर्वी होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो तेथून कायमचा नाहीसा झाला.

ही द्वीपे १९३५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. तरीही हा पक्षी आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. त्याच्या रक्षणासाठी काटेरी जाळी तोडून मूळची झाडे लावली जात आहेत व मांजरांना आवर घातला जात आहे. हे काम चिकाटीचे आहे. कारण तोडलेली ब्लॅकबेरी मुळांतून पुन्हा फुटते.

सेलकर्कला सोडविण्यास अखेर जहाज आले. या पक्ष्यास मात्र जावयास दुसरे घर नाही. म्हणून त्याचे रान त्यास परत मिळवून देणे, हाच त्यास वाचविण्याचा मार्ग आहे.