मोटरचा निरोप्या आणि त्याचे कुलूप



उसातली ओल मोजणारे यंत्र आणि मोबाईलवरून चालणारा मोटरचा स्टार्टर यांचा निरोप जातो कसा, असे काही सभासद आम्हांस विचारतात.

मध्ये एक निरोप्या असतो, त्याला ब्रोकर म्हणतात. लांबच्या, भाड्याने घेतलेल्या संगणकावर तो रात्रंदिवस जागा असतो. यंत्र त्याला ओलीचा आकडा कळवते आणि ज्याने त्या विषयाची नोंद केली असेल त्याला तो पोचवतो. 'एमक्यूटीटी' नावाची ही पद्धत १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनसाठी निघाली. निरोप अगदी हलका, त्यामुळे रेंज कमी असली तरी भागते.

पण ब्रोकरला नाव-पासवर्डाचे कुलूप नसेल, तर कोणीही परका तुमची मोटर चालू करील. पाणी वाया, वीज वाया, खोडवा पिवळा! सहसा १८८३ नंबरच्या दारातून निरोप उघडा जातो, ८८८३ मधून बंद पाकिटात. बसविणाऱ्याला हे विचारून मगच पैसे द्यावेत.

यंत्राचा संपर्क तुटला की ब्रोकरनेच तसे कळवावे, ही सोयही मागून घ्या. निरोप आला नाही म्हणजे रानात ओल आहे, असे धरून बसू नका.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग