चिठ्ठी टाकल्याशिवाय कळत नाही



आज एकाच बैठकीत चार विषय घ्यायचे आहेत: जनावरांचा आहार, शाळा, पंचायतीचा कायदा आणि गणित. या चार विषयांचे संशोधक एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. पण चौघांनाही एकच प्रश्न छळतो. आपण एक गोष्ट केली आणि त्यानंतर फरक पडला, तर तो फरक त्या गोष्टीमुळेच पडला का?

या प्रश्नाचे उत्तर चुकले, की शेतकऱ्याचे पैसे जातात, मुलाचे वर्ष जाते आणि एखादी योजना वर्षानुवर्षे कागदावर यशस्वी राहते.

मी संशोधक नाही, साधा पदवीधर आहे. लष्करात रसदीचे काम केले. डोंगरात सामान वाहणाऱ्या खेचरांचा दाणाही त्यातच आला. रसदीच्या माणसाला एक सवय लागते. कोणी म्हणाले, ‘साहेब, या दाण्याने जनावर तगडे झाले’, की त्याने विचारायचे, ‘कशाच्या तुलनेत?’ आजचे सगळे बोलणे या दोन शब्दांवर आहे.

गोठ्यापासून सुरुवात करू

समजा, गावाकडे तुमच्या भावाने म्हैस घेतली. ती व्याली. दुसऱ्या आठवड्यात एक विक्रेता पावडरची पुडी देऊन गेला. ‘रोज आंबोणात घाला, दूध वाढेल.’ महिनाभरात दूध दोन लिटरने वाढले. भाऊ खूश, विक्रेता खूश.

आता तीन गोष्टी बघा. पहिली, व्यायल्यानंतर दूध आपोआपच चढत जाते. साधारण दीड-दोन महिन्यांनी ते सर्वांत जास्त असते आणि पुढे हळूहळू उतरते. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात सुरू केलेल्या कुठल्याही पुडीला श्रेय मिळणारच. तीच पुडी सहाव्या महिन्यात सुरू केली असती, तर खरोखर चांगली असूनही ती ‘बिनकामाची’ ठरली असती, कारण तेव्हा दूध उतरतच असते.

दुसरी गोष्ट, आपण पुडी बहुधा कधी आणतो? दूध एकदम घटते तेव्हा. ऊन, ताप, वैरणीतला बदल अशा कारणांनी घटलेले दूध पुष्कळदा आपले आपणच सावरते. श्रेय मात्र पुडीच्या खात्यावर जमा होते.

तिसरी, ज्याने पुडीवर पैसे घातले तो माणूस जनावराकडे जास्त लक्ष देऊ लागतो. पाणी वेळेवर, सरकी पेंड मूठभर जास्त, गोठा साफ. मग दूध नक्की कशाने वाढले?

तुम्ही म्हणाल, शेजाऱ्याच्या म्हशीशी तुलना करू. पण तिची जात वेगळी, वेत वेगळे आणि कदाचित हिरवा चाराही वेगळा. बरे, एकाच गोठ्यातल्या काही म्हशींना पुडी द्यायची ठरवली, तरी ‘कोणाला द्यायची’ हे मालकाने ठरवले की घोटाळा झालाच. तो एक तर सर्वांत गुणी म्हैस निवडेल, नाही तर सर्वांत अशक्त.

यावरचा उपाय पोरखेळासारखा वाटतो. चिठ्ठ्या टाका.

आठ म्हशी आणि सत्तर प्रकार

गोठ्यात साधारण सारख्या आठ म्हशी आहेत. आठ चिठ्ठ्या करा, डोळे मिटून चार उचला. त्या चार म्हशींना पुडी, बाकी चारांना नाही. इतर सगळे सारखेच. चिठ्ठीने म्हशी एकसारख्या होत नाहीत, पण निवडताना कोणाचा हात एका बाजूला झुकत नाही. उरतो तो फक्त योगायोग, आणि योगायोग मोजता येतो. इथे गणित कामाला येते.

आठांतून चार निवडण्याचे एकूण ७० प्रकार आहेत. आता समजा, पुडीत नुसता खडू आहे. तरीही पुडीवाल्या चारही म्हशी उरलेल्या चारांच्या वर निघण्याची शक्यता ७० मध्ये १, म्हणजे साधारण दीड टक्का. असा निकाल आला तर ‘योगायोग असेल’ असे म्हणणे कठीण. पण दोनच म्हशी असतील, एकीला पुडी आणि एकीला नाही, तर योगायोगाची शक्यता निम्मी आहे. नाणे उडवून पुडी विकत घेतल्यासारखेच ते. ‘आमच्याकडे एकाला गुण आला’ हे वाक्य इतके हलके का, हे या हिशेबावरून कळते.

ही पद्धत शास्त्रात पक्की बसवली रोनाल्ड फिशर यांनी. १९१९ पासून ते इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होते. त्यांच्या १९३५ च्या पुस्तकात एक बाई म्हणतात, ‘कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे मी चवीवरून सांगते.’ फिशर त्यांच्यापुढे आठ कप ठेवतात, चार एका प्रकारचे आणि चार दुसऱ्या. हिशेब तोच, ७० मध्ये १.

भारतात हे शास्त्र रुजवणाऱ्यांत कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस आहेत, तशीच दोन मराठी नावेही आहेत. सातारा जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे. शेतीतल्या प्रयोगांच्या संख्याशास्त्रावर या दोघांनी १९५४ मध्ये लिहिलेले इंग्रजी पुस्तक देशभरच्या कृषी विद्यार्थ्यांनी अभ्यासले.

जनावरांच्या आहारात संशोधक आणखी एक युक्ती वापरतात. तीन आहार, तीन गायी, तीन पाळ्या. पहिल्या पाळीत प्रत्येक गायीला वेगळा आहार, दुसऱ्या पाळीत अदलाबदल, तिसऱ्यात पुन्हा. शेवटी प्रत्येक गायीने तिन्ही आहार खाल्लेले असतात आणि प्रत्येक आहार प्रत्येक पाळीत आलेला असतो. कोणती गाय कोणत्या क्रमाने खाणार, हे चिठ्ठीने ठरते. त्यामुळे गायीची तुलना तिच्याशीच होते आणि दिवसांमागे उतरणाऱ्या दुधाचा फटका तिन्ही आहारांना सारखाच बसतो. पाळीतले सुरुवातीचे दिवस मोजत नाहीत, कारण नव्या आहाराशी जुळवून घ्यायला पोटातल्या जंतूंना वेळ लागतो. म्हणून ‘चार दिवसांत फरक’ असे कोणी सांगितले, तर जरा थांबा.

वीस हजार मुले आणि एक मऊ हात

आता गोठ्यातून शाळेत जाऊ. वाटेत दूध आहेच.

१९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर परगण्यात मोठा प्रयोग झाला. ६७ शाळा, वीस हजार मुले, चार महिने. दहा हजार मुलांना रोज सव्वाचारशे मिलिलिटरच्या आसपास दूध, दहा हजारांना नाही. दुधाने वाढ किती होते, हे पाहायचे होते. मुलांची निवड चिठ्ठीने किंवा नावांच्या अक्षरक्रमाने होणार होती. पण एक पळवाट ठेवली होती. एका गटात धष्टपुष्ट किंवा कुपोषित मुले जास्त झाली असे वाटले, तर शिक्षकांनी अदलाबदल करावी.

पुढच्याच वर्षी विल्यम गॉसेट या संख्याशास्त्रज्ञाने त्यातला दोष दाखवला. प्रयोगाच्या सुरुवातीलाच दूध न मिळणारी मुले दूध मिळणाऱ्यांपेक्षा उंच आणि वजनदार होती. शिक्षकांनी, बहुधा नकळत, गरीब मुलांना दुधाकडे सरकवले होते. शिवाय वजने कपड्यांसकट केली होती, एकदा फेब्रुवारीच्या थंडीत आणि एकदा जूनमध्ये. ज्यांच्या अंगावर हिवाळ्यातही जाड कपडे नव्हते, त्यांचे वजन उन्हाळ्यात कपड्यांमुळे कमी भरणार नव्हते. गॉसेट यांचे म्हणणे असे, की जुळ्या भावंडांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या, तर याहून भरवशाचे उत्तर मिळाले असते.

दूध मुलांना चांगले, याबद्दल वाद नव्हता. किती चांगले, आणि कच्चे व पाश्चराइज्ड यांत फरक किती, हे मात्र वीस हजार मुले घेऊनही नीट ठरले नाही. शिक्षकांच्या मनात दयाच होती. पण चिठ्ठी दयेनेही हलवली, की ती चिठ्ठी राहत नाही.

याउलट आपल्याकडचे उदाहरण पाहा. बडोदे आणि मुंबईच्या शाळांत २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाची पारख झाली. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी दिवसातले दोन तास वेगळे घेऊन बसे आणि वाचन, आकडेमोड पक्की करी. बडोद्यात काही शाळांना ही बालसखी तिसरीसाठी मिळाली, काहींना चौथीसाठी, आणि कोणाला कोणती हे चिठ्ठीच्या न्यायाने ठरले. एकही शाळा रिकाम्या हाती राहिली नाही, तरी तिसरीची तिसरीशी तुलना करता आली. मुलांचे गुण स्पष्ट वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्यांना झाला. उपक्रम संपल्यावर वर्षभराने त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्याच मोजणीने सांगितले. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासोबत मिळाले.

कायद्याची सोडत

कायदा बदलला की समाज बदलतो का? १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत किमान एक तृतीयांश जागा व प्रमुखपदे स्त्रियांसाठी राखीव झाली. ‘बाई नावाला, कारभार नवऱ्याचा’ असे तेव्हा सर्रास बोलले जाई. ते खरे की खोटे, हे कसे ठरवणार? ज्या गावाने आपण होऊन बाईला निवडले, ते गाव आधीच वेगळे असणार.

पण कोणते पद राखीव हे गाव ठरवत नाही. महाराष्ट्रात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, पुष्कळदा एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात. बंगालमध्येही कोणत्या पंचायतीची पाळी, हे ठरलेल्या क्रमाने लागते. म्हणजे प्रयोगाची मांडणी कायद्यानेच करून ठेवली होती. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांनी बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यांत गावोगावची कामे मोजली. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आला: स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला, आणि दोन्हीकडच्या बायकांची मोठी तक्रार पाण्याचीच होती. बीरभूममध्येच पुढे दिसले, की जिथे दोन निवडणुका पद स्त्रियांसाठी राखीव होते, तिथे शिक्षणात मुलगे-मुलींमधली दरी मिटली होती.

चिठ्ठीचीही शिस्त असते

एक दाखला लष्करी भरतीचा देतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेने सक्तीच्या भरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली. ३६६ डब्या एका भांड्यात महिन्यांच्या क्रमाने ओतल्या, पण नीट ढवळल्या नाहीत. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांच्या तारखा जास्त प्रमाणात आधी निघाल्या. चिठ्ठी टाकली एवढे म्हणून भागत नाही, ती ढवळली का हेही विचारावे लागते. तिथे तर तरुणांचा जीव पणाला होता.

चिठ्ठीला मर्यादाही आहेत. काय झाले ते ती सांगते, का झाले ते नाही. बीरभूमचे उत्तर गडचिरोलीला जसेच्या तसे लागू होईल असेही नाही. आणि जे गुणकारी आहे हे आधीच सिद्ध आहे, ते चिठ्ठीच्या नावाखाली कोणाला नाकारायचे नाही. लाळ्या-खुरकुताची लस सगळ्याच जनावरांना द्यायची. पण एखादी गोष्ट सगळ्यांना एकदम पुरणार नसेल, तर सोडतीइतके न्याय्य वाटप दुसरे नाही, आणि त्यातून खरे ज्ञानही मिळते.

तेव्हा यापुढे पुडी असो, शिकवणी असो की सरकारी योजना, दावा ऐकला की चार प्रश्न विचारा. कशाच्या तुलनेत? कोणाला द्यायचे हे कोणी ठरवले? किती जणांवर पाहिले? आणि किती दिवस पाहिले? समोरचा रागावला, तर पैसे खिशातच राहू द्या. त्याने शांतपणे उत्तर दिले, तर बसून ऐका.

जय हिंद.