‘नको’ म्हणता यायला हवे

सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम असलेल्या एखाद्या मुलाला बोलता येत नाही, म्हणजे त्याला सांगायचे काही नाही असे नव्हे. आयआयटी मुंबईचे ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप अशांसाठीच आहे. चित्रावर बोट ठेवले की मोबाइल तो शब्द बोलतो, मराठीतही. पण घरात वारली किंवा कोरकू बोलत असतील, तर शब्द घरचाच हवा; तो आईला विचारून घ्यावा.

मोबाइल नसेल किंवा वीज गेली असेल (पावसाळ्यात जातेच), तर पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवा. हात वळत नसेल तर नजरेने दाखवलेलेही चालते. ‘भात’, ‘पाणी’ सगळेच लावतात. ‘दुखते’ आणि ‘नको’ राहून जातात. अंगाला कोणी नको तसा हात लावला, तर मूल काय दाखवणार? ते दोन शब्द आधी लावा. आणि ‘नको’ दाखवल्यावर थांबा. तरीही घास कोंबला तर मूल पुठ्ठ्याकडे पाहणेच सोडते.

चित्रांमुळे बोलणे खुंटेल, ही पालकांची भीती खरी नाही.

मोठ्यांनाही हे उपयोगी आहे. मात्र तिशीतल्या माणसाच्या पुठ्ठ्यावर बाहुली नको. मजुरी, बाजार, दवाखाना हवा.